राखला तर खार

पनवेलला जाऊन आले. आल्यापासून गल्लीतल्या बायका विचारतात, काय पाहिलंस? आमच्या कृष्णाकाठच्या गावातली पोरं पनवेलला नोकरीला जातात, पण पनवेल बघायला म्हणून कोणी जात नाही. मीही बघायला गेले नव्हते. एका बाईला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायला गेले होते, आणि एक चप्पल तिथल्या चिखलात ठेवून परत आले. एकेकीला सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. शाळा चौथीपर्यंत झाली आहे, तेवढी याला पुरेल.

बोलावलं होतं माझ्या भाचीने, सुनंदाने. तिची आई, म्हणजे माझी बहीण, गेल्यापासून काहीही अडलं की ती मला फोन करते. लग्न तिने आपल्या मनाने केलं, पनवेलजवळच्या खाडीकाठच्या एका आगरी घरात. नवरा दिनेश जासईकडे कंटेनरच्या यार्डात सुपरवायझर आहे. माणूस चांगला. अडचण सासूची होती.

"मावशी, सासूबाई रोज खारात जातात," सुनंदा फोनवर म्हणाली. "सत्तरी उलटली. बांधावरून घसरल्या तर उचलून कोण आणणार? एवढासा तुकडा राहिलाय. सोडून द्या म्हटलं की माझ्याशी बोलणं बंद. तू ये आणि सांग. म्हातारी म्हातारीचं ऐकेल."

"खारात म्हणजे कशात?"

"म्हणजे... शेतात."

"मग शेतात म्हण की."

"शेत नाही गं म्हणत इथे. खारच म्हणतात."

आमच्याकडे जमीन खारवली म्हणजे मेली. उसाला पाणी पाजून पाजून वर पांढरं मीठ फुलतं, आणि मग तिथे कुसळ उगवत नाही. अशी जमीन दाखवली तर मुलीचा बाप चहा न घेता उठतो. तसल्या जमिनीपायी एक बाई रोज चिखल तुडवते म्हणजे तिच्या डोक्यावर परिणाम झाला असणार, असं धरून मी ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी बांधली नि निघाले. दसरा होऊन गेला होता. कोजागिरी तोंडावर होती.

पनवेल

पनवेलला उतरल्यावर माणूस न्हाल्यासारखा होतो. ऊन आमच्यापेक्षा जास्त नाही, पण हवा ओल्या गोधडीसारखी अंगावर बसते. रिक्षात बसले. वाटेत पाट्याच पाट्या. खारघर, खारकोपर, खारपाडा. मेलेल्या जमिनीची एवढी नावं कोणी हौसेने ठेवील हे मला पटेना. रिक्षावाल्याला विचारलं, "बाबा, हे खार खार काय आहे तुमच्याकडे?"

"आजी, सेक्टर कुठला?"

"सेक्टर नाही, अर्थ विचारतेय."

"अर्थ मला नाही माहीत. मी बीडचा."

त्याने मला सुनंदाच्या गावात न सोडता एका कॉलेजाच्या दारात सोडलं, आणि हेच ते, म्हणून निघून गेला. तिथल्या दोन पोरींना विचारलं तर एक म्हणाली, "खार मुंबईत आहे, आजी." दुसरीने फोनवर शोधून सांगितलं, "एक प्राणी आहे. झाडावर चढणारा." मी हात जोडले. शेवटी दिनेश मोटारसायकल घेऊन आला आणि मला मागे बसवून घेऊन गेला. माझ्या वयाच्या बाईने मोटारसायकलवर कसं बसावं यावर तो सगळ्या रस्त्याने सूचना देत होता. मी डोळे मिटून घेतले होते.

गाव म्हणावं तर गाव नाही, शहर म्हणावं तर शहर नाही. बोळ आमच्यासारखाच, पण दोन्ही बाजूंना तीन-तीन मजले, गुलाबी नाहीतर पोपटी, गच्चीवर सिमेंटचे सिंह. जमिनी गेल्या, त्यांचे मजले झाले. सुनंदाचंही घर तसंच. सिंह मात्र नव्हते, त्याबद्दल दिनेशचे आभार.

त्याची आई ओटीवर बसून मासे साफ करत होती. नाव हिराबाई. गुडघ्यावर कासोटा, दंड सुतारासारखे. तिने मला खालून वर पाहिलं.

"या ईनबाय," ती म्हणाली. तिकडे विहिणीला ईनबाय म्हणतात. "बसा. बूड टेका. पोरीनी सांगलंय मना, तुमी कशाला आलाव ते. पयलं जेवा. भांडान मंग करू."

माझं अर्धं काम तिथेच बुडालं.

जेवायला तांदळाची भाकरी होती. पांढरी, मऊ, कागदासारखी. खाताना खाल्ल्यासारखं वाटत नाही आणि चार कधी झाल्या ते कळत नाही. कोलंबीचं कालवण झकास. दुसऱ्या ताटलीत बोटाएवढे, डोळे वर आलेले मासे होते, निवट्या म्हणून. चिखलावर उड्या मारतात म्हणे. मासा असून उड्या मारतो तो मला नको, असं मी सांगितलं. हिराबाईने ते सगळे आपल्या ताटात ओढले. मी माझी ज्वारीची भाकरी थापून दिली, तर तिने एक तुकडा मोडला, बराच वेळ चावला आणि म्हणाली, "तुमच्याकडं दात चांगलं असतील लोकांचं."

भात लालसर, जाड आणि चवीला जरासा गोड होता. "खारातला हाय," ती म्हणाली. तेवढं सांगताना तिचा आवाज बदलला.

"विहीणबाई," मी सरळ सुरुवात केली, "आमच्याकडे जमीन खारवली की सोडून देतात."

"तुमच्याकडं लोकांनी गोऱ्या जमनीची खारी केली. आमचे आज्या-पणज्यानी खाऱ्याची गोरी केली. दोगं येकच कसं?" गोरी म्हणजे गोडी, बिनमिठाची.

मग तिने सांगितलं, आणि चार दिवसांत मला कोणीतरी नीट सांगितलेलं एवढंच. खाडीचं पाणी भरतीला जिथवर येतं, तो चिखल म्हणजे खाजण. त्याच्यावर मालकी खेकड्यांची आणि तिवरांची. तिवर म्हणजे खाऱ्या पाण्यातलं झाड. त्या खाजणाभोवती चिखलाचाच उंच बांध घालायचा, तो बाहेरकाठा. काठ्याला एक दार ठेवायचं, ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर सोडायला. मग पाऊस जमिनीतलं मीठ धुऊन काढतो आणि काही वर्षांनी तिथे भात येतो. तो खार. एकदा काठा फुटला, खांड पडली, आणि ती बुजवली नाही, की दोन-चार उधाणांत जमीन परत खाजण. तिवर उगवलं की संपलं, कायद्याने ते तोडताही येत नाही.

"म्हंजे बग ना ईनबाय," ती बोटं चाटत म्हणाली, "राखला तं खार, सोडला तं खाजन. जमीन तीच."

सुनंदा मला डोळ्याने खुणावत होती, की आता बोल. मी भात वाढून घेतला.

काठ्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला काठ्यावर घेऊन गेली. घरापासून लांब नाही, पण वाट अशी, की एका बाजूला मोठा रस्ता, त्यावर ट्रकांची रांग, आणि रस्ता ओलांडून खाली उतरलं की एकदम दुसरंच जग. समोर खाडी, ओहोटीने रिकामी, नुसता चकचकीत काळा चिखल. बगळे होते, आणि वास होता. तो वास कसा ते लिहीत नाही. पलीकडे खारघरचे टॉवर एकाला एक लागून उभे, डोंगराच्याही पुढे. डोक्यावरून विमान गेलं तरी हिराबाईने मान वर केली नाही.

उजव्या हाताला आणि डाव्या हाताला दाट हिरवी तिवरं. "हा सगळा खार व्हता," ती म्हणाली. "ह्यो पाटलांचा. त्यो ठाकरांचा. आता खाजन." मधे एवढा एकच पिवळा तुकडा उरला होता. भात कापणीला आलेला, लोंब्या वाकलेल्या. मी शेतकऱ्याची बाई आहे, भात आमच्याकडे नसला तरी पीक कळतं. ते पीक सोडून द्या असं सांगायला माझी जीभ उचलली नाही, आणि त्याचा मला रागच आला. इतक्या लांब मी कशाला आले होते?

काठ्यावरून चालताना माझा डावा पाय गेला. ढोपरापर्यंत. ओढून काढला तर पाय आला, चप्पल आली नाही. हिराबाईने हात घालून चाचपलं, दोन खेकडे काढले, ते पदरात बांधले आणि म्हणाली, "चप्पल गेली समजा." पुढे मी एक पाय उघडा टाकत चालले.

तिथे मला ते भोक दिसलं. काठ्याच्या खालच्या अंगाला, मुठीएवढं, आणि त्यातून पाण्याची ओली रेघ आत आलेली.

"हे काय?"

"चिंबोरीचं बील," ती म्हणाली, म्हणजे खेकड्याचं. "भरतीचं पानी त्यातून शिरतं. आज मुठीयेवरं हाय. पुनवेच्या उधानाला घागरीयेवरं व्हईल, मंग खांडच."

"पौर्णिमा परवा आहे!"

"मना म्हाईत हाय."

"मग बुजवा की."

"ह्यो काठा माजा नाय."

इथून माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. झालं होतं असं. खार दोन भावांचा. अर्धा हिराबाईच्या नवऱ्याचा, तो वारला. अर्धा तिच्या दिराचा, पांडुरंगाचा. शेत निम्मं-निम्मं, तसा काठाही निम्मा-निम्मा. दीर खारघरला टॉवरमध्ये राहतो. त्याच्या वाट्याचं शेत पडीक, आणि भोक त्याच्या काठ्यात. पाणी त्याच्या पडीक शेतात शिरणार आणि तिथून सरळ हिराबाईच्या भातात. मधे फक्त टीचभर उंचीचा बांध.

"म्हणजे बुडणार तुमचं. मग त्याच्या काठ्यात दोन पाट्या चिखल टाकायला काय झालं?"

ती माझ्याकडे लहान मुलाकडे बघावं तसं बघत राहिली. मग तिने तिथला कायदा सांगितला. कागदावरचा नव्हे, जुना. दुसऱ्याच्या काठ्याला, मालकाने स्वतः पहिली पाटी टाकल्याशिवाय, हात लावायचा नाही. मालकाने एक पाटी टाकली की मग अख्खा गाव उतरला पाहिजे, तेव्हा घरी बसणाऱ्याला वाळीत टाकत. पण पहिली पाटी त्याचीच. कारण खार कोणाचा, तर काठा राखील त्याचा. पूर्वी लोक मदतीच्या नावाने दुसऱ्याच्या काठ्यात माती टाकायचे, आणि पुढे उभे राहायचे, की मी राखला, खार माझा.

"मी हात लावला तं भावजी बोलंल, वैनी माजा खार खावाला बसली. मना नको त्या बोलाचा डाग."

"मग बोलवा त्यांना."

"मी? मी नाय बोलवनार."

दोघं बोलत नव्हते. का, ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. दिनेश म्हणाला, त्याच्या बहिणीच्या हळदीत काकाला नवरीच्या आधी जेवायला बसवलं म्हणून. सुनंदा म्हणाली, बसवलं नाही म्हणून. हिराबाई म्हणाली, "हलद कसली, त्याचा नाकच लांब हाय."

मी कपाळाला हात लावला. समुद्र दारात आलाय, परवा दुपारी आत येणार आहे, आणि इथे कोण कोणाला आधी हाक मारतो यावर सगळं अडलंय. आमच्याकडे भाऊबंदकी नाही असं नाही. आमच्याकडे तर बांध कोरून कोरून लोकांनी एकमेकांची शेतं खाल्ली. पण बांधावरून भांडतात, बांध फुटेपर्यंत गप्प बसत नाहीत.

त्या दुपारी त्या दोन खेकड्यांचं कालवण झालं. मी बोटं सोलवटून घेतली आणि सुईएवढं मांस मिळालं. एवढ्यासाठी एवढा खटाटोप ही माणसं करतात, तिथेच मला त्यांचा स्वभाव समजायला हवा होता.

खारघर

दिनेशने काकाला फोन केला, तर काका म्हणाले, "बघतो." तेव्हा दुसऱ्या दिवशी मीच गेले. हिराबाईला सांगितलं, देवळात जाते. ती म्हणाली, "खारघरच्या देवलात काय?" मी पदर सावरून निघाले.

टॉवरच्या दारात वॉचमनने नाव विचारलं, कोणाकडे विचारलं, काम विचारलं. "त्यांच्या वहिनीच्या सुनेची मावशी," मी सांगितलं. त्याने वहीत "पाहुणे" एवढंच लिहिलं. लिफ्टमध्ये एक बाई कुत्रं घेऊन शिरली. कुत्र्याच्या पायात मोजे होते. माझ्या पायात सुनंदाच्या स्लीपर होत्या, दोन नंबर मोठ्या.

पांडुरंगराव घरीच होते. पांढरा सदरा, पांढरी पँट, गळ्यात जाड साखळी, वागणूक एकदम सभ्य. त्यांच्या बायकोने सरबत दिलं, मग चहा, मग काजू. शहरातलं आदरातिथ्य असं असतं, की पोट भरत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही.

मी सरळ म्हटलं, "तुमच्या काठ्याला भोक पडलंय."

"म्हाईत हाय," ते म्हणाले, आणि मग मी परकी आहे हे आठवून नीट बोलू लागले. "कल्पना आहे मला. दिनेशने सांगितलं."

"मग?"

"मावशी, तुम्ही मोठ्या आहात म्हणून सांगतो. वैनीने एक शब्द टाकला असता तर मी पळत आलो असतो. तिने पोराला फोन करायला लावला. मी काय मजूर आहे?"

"ती म्हणते, मालकाने आपणहून यावं."

"मालक म्हणते ना? मग मालकाला बोलवायची पद्धत असते."

ते मला गॅलरीत घेऊन गेले. तिथून खाडी दिसत होती, तिवरं दिसत होती, आणि बरोबर मधे तो पिवळा तुकडा, पोस्टाच्या तिकिटाएवढा. गॅलरीत एक खुर्ची होती, त्या तुकड्याकडे तोंड करून ठेवलेली.

"रोज इथेच बसतात," बायको आतून म्हणाली. "टीव्ही लावा म्हटलं तर नको. पानी किती चढलं ते बगतात."

"तू गप ना," ते म्हणाले.

"खार म्हणजे काय हो?" मी विचारलं.

"खार?" ते म्हणाले. "आता नावालाच. खारघर, सेक्टर अमुक. बाकी काय राहिलंय त्यात? दलाल रोज येतो. म्हणतो, वैनीची सही आणा, दोन्ही तुकडे एकदम घेतो."

"मग बुडू दे म्हणता?"

ते गॅलरीच्या कठड्यावरची धूळ बोटाने पुसत बसले.

"पांडुरंगराव," मी म्हटलं, "इथे खुर्ची टाकून बघत बसण्यापेक्षा तिथे दोन पाट्या टाकून या आणि मग खुशाल रुसा. मी अडाणी बाई आहे. पण रुसायलासुद्धा जागा कोरडी लागते."

"वैनीला सांगा, बोलव म्हणावं," ते म्हणाले.

मी उठले. लिफ्टला थांबले नाही. सगळे जिने उतरले, म्हणजे राग किती असेल बघा. खाली येऊन गुडघा धरून बसले, तेव्हा त्या वॉचमननेच पाणी दिलं.

घरी येऊन हिराबाईला खरं सांगितलं. ती म्हणाली, "मी बोलवनार नाय." सुनंदा हळूच म्हणाली, "मावशी, बरंच झालं ना? बुडालं की आपोआप सुटेल. तू आता काही करू नकोस." तिचंही खोटं नव्हतं. तिला सासू धड हवी होती. पण त्या घरात एका शेताबद्दल चार माणसं चार वाटांनी थांबलेली पाहून माझ्या अंगाची लाही झाली.

पौर्णिमा

पौर्णिमेला भरती ऐन दुपारी भरते, हे मला तिकडे कळलं. सकाळी हिराबाई काठ्यावर गेली, तिच्यामागे मी, माझ्यामागे सुट्टी टाकून दिनेश. भोक आता घागरीएवढं नसलं तरी तपेलीएवढं झालं होतं. हिराबाई आपल्या वाट्याच्या काठ्यावर बसली, बरोबर हद्दीवर, पाय आपल्या बाजूला. दिनेश कधी फोनकडे बघे, कधी आईकडे. दूर खाडीत पाणी आत सरकू लागलं. आवाज नाही, गडबड नाही. चिखलातल्या चिरांतून गुपचूप येतं.

मी तिला म्हटलं, "विहीणबाई, शेवटचं विचारते."

"नको विचारू."

मी पदर खोचला, पाटी उचलली, शेतातली कोरडी माती भरली आणि उतरून त्या भोकात ओतली.

"ईनबाय! काय करताव?"

"माझा इथे खार नाही, काठा नाही, सात पिढ्यांत कोणाचं काही नाही. मी घाटावरची. माझ्यावर कोण दावा लावतो ते बघते."

दुसरी पाटी ओतली. तिसरी ओतली. आमच्याकडे बांध असाच घालतात, माती टाकायची आणि पायाने दाबायची. मी दाबत होते आणि माती साखरेसारखी विरघळून पाण्याबरोबर आत चालली होती. भोक उलट मोठं झालं.

हिराबाईने एवढा वेळ दात आवळून धरले होते. चौथ्या पाटीला तिचा धीर सुटला. "आगं ये बये! कोरडी माती टाकतंय! पीठ मललंय काय तुना? बाजूला हो! सरक!" आणि ती उतरली. हद्द ओलांडून, दिराच्या काठ्यात. बाहेरच्या अंगाला जाऊन तिने खाजणातला घट्ट काळा चिखल हाताने कापला, उशीएवढं ढेकूळ, त्यात पेंढा कोंबला आणि धपकन भोकात बसवला. "असा! आसा बसवाचा! पयला तलाशी!" ती मला शिव्या देत होती आणि भोक भरत होती. मी ढेकळं उचलून देत होते आणि उलट बोलत होते. त्या चिखलात सुनंदाची एक स्लीपर कुठे गेली ते बघायला वेळ नव्हता.

दिनेशने काकाला फोन लावला. मी ऐकलं. तो एवढंच म्हणाला, "काका, मावशींनी तुमच्या काठ्यात माती टाकली. आईपन उतरली."

जो माणूस दोन दिवस "बघतो" म्हणत होता, तो भरती अर्धी व्हायच्या आत हजर झाला. गाडी रस्त्यावर तिरकी सोडून पांढऱ्या पँटीत काठ्यावरून धावत आला.

"कोनी हात लावला? कोनी लावला माज्या काठ्याला हात?"

"मी," मी म्हटलं.

"तुमी कोन?"

"काल काजू खाल्ले तुमच्याकडे."

"वैनी! तू बी?" बोलणं किती वर्षांनी झालं कोण जाणे, आणि झालं ते असं. "नवरा गेल्यावं माजा खार खावाला बसलीस?"

"तुजा खार?" हिराबाईने चिखलाचा हात कमरेवर ठेवला. "ग्यालरीतून बगतंस त्यो तुजा खार? ह्यो बग, पानी आलं. तुजा हाय ना?"

"माजाच हाय! बापाने दिलाय!"

"तुजा हाय तं राख!"

पाणी काठ्याच्या पायाला लागलं होतं. ढेकळांच्या फटीतून एक धार अजून आत येत होती. पांडुरंगरावांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग त्या धारेकडे. आमच्या दोघींचा चिखल वर राहिला तर त्यांच्या कायद्याने काठा आमचा. त्यांनी गळ्यातली साखळी सदऱ्याच्या आत टाकली आणि उतरले. पांढरी पँट मांडीपर्यंत गेली. कापलेलं पहिलं ढेकूळ आमच्या ढेकळावर आपटलं. "ह्यो माजा!" दुसरं आपटलं. "ह्यो माजा!" त्यावर हिराबाई एक आपटे, की ते त्याच्यावर दोन. दिनेश नुसता पेंढा पुरवत होता. दोघं तोंडाने एकमेकांच्या बापजाद्यांचा उद्धार करत होती. बाप एकाचा आणि सासरा दुसरीचा, म्हणजे माणूस एकच होता, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

दुपारी पाणी भरलं. काठ्याच्या माथ्याखाली वीतभर येऊन थांबलं, तिथेच जरा वेळ चुळबुळलं, आणि उतरायला लागलं. धार बंद झाली होती. आत भात कोरडा उभा होता.

पांडुरंगराव वर आले आणि गाडीत बसले. चिखलासकट. जाताना काच खाली करून म्हणाले, "मावशी, तुमची माती खाली ऱ्हायली. वर माजी हाय. ध्यानात ठेवा."

सुनंदाने त्या रात्री माझ्याशी अबोला धरला. "तिला त्या खारातून सोडवायला तुला बोलावलं होतं," ती म्हणाली, "आणि तू तिला आणखी रुतवून आलीस." बरोबर होतं तिचं. मी तिला म्हटलं, तू सासूबरोबर एक बाई लावून दे, एकटी पाठवू नकोस, बाकी तुझ्याने काही व्हायचं नाही आणि माझ्यानेही. निघताना मात्र तिने मला नव्या चपला घेऊन दिल्या. त्या पायाला लागतात.

परत आल्यावर

दिवाळीनंतर हिराबाईचा फोन आला. कापणी झाली होती. तिने तांदूळ पाठवला, तो पोचला का, हे विचारायला. मी विचारलं, "दीर बोलतात का?"

"नाय."

"येतात का?"

"उधान आलं की येतं. खाली मान घालून दोन पाट्या टाकतं नि जातं. मेला चहाला बी थांबत नाय."

"मग तुम्ही काय करता?"

"मी काय करनार? त्याची गाडी गेली की त्याच्यावं माज्या दोन टाकतंय. सोडतंय काय?"

"म्हणजे काठा..."

"छातीयेवरा झाला ईनबाय," ती म्हणाली. "पलीकडचा काय दिसत नाय आता."